कुंपण कोणाचे, रस्ता कोणाचा?

(हिंगणघाट येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पक्षाच्या अभ्यासवर्गात घराच्या कुंपणावर भाषण ठेवले आहे हे ऐकून काही जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी उमटली असेल, तर त्यात नवल नाही. कापसाचा भाव, तरुणांची बेकारी, शिक्षणाचा मांडलेला बाजार असे जळते प्रश्न समोर असताना वॉल कंपाउंडची उंची किती असावी याची चर्चा कशाला, असा प्रश्न रास्त वाटतो. परंतु कुंपण हा समाजवादी विचाराला परका विषय नाही. विषमतेचे मूळ शोधू जाता रूसो 1755 साली येऊन थांबला तो जमिनीच्या तुकड्याभोवती पहिले कुंपण घालणाऱ्या माणसापाशी. इंग्लंडच्या पार्लमेंटने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हजारो कायदे एकेका गावासाठी करून सामाईक चराऊ राने कुंपणाआड घातली. ज्यांची गुरे त्या रानांवर जगत होती त्यांतील असंख्य माणसे पुढे मजुरीच्या शोधात शहरांकडे लोटली गेली. लँकेशायरच्या ज्या गिरण्यांनी असे मजूर राबविले, त्याच गिरण्यांच्या व्यापारात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका जातीचे नाव होऊन बसले होते. तेव्हा कुंपणाचा आणि या गावाचा संबंध दिसतो तेवढा दूरचा नाही.

मात्र पुस्तकातले कुंपण आणि वस्तीतले कुंपण यांत भेद केला पाहिजे. जमीनदाराचे कुंपण दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी असते, तर मजुराच्या घराचे कुंपण बहुधा स्वतःची अब्रू आत ठेवण्यासाठी असते. कापूस वेचून झाला की शेतातून पऱ्हाट्या आणायच्या, तुराट्या बांधायच्या, बाभळीच्या चार फांद्या रोवायच्या आणि अंगणाला आडोसा करायचा, ही वऱ्हाड-विदर्भातील गरीब घराची शतकानुशतकांची रीत आहे. त्या आडोशामागे बाई न्हाते, भांडी घासते, बाळंतीण ऊन खाते. दोन वेल चढतात, कोंबड्या आत राहतात आणि मोकाट डुकरे बाहेर राहतात. या कुंपणाला मालमत्तेचा माज म्हणणे हा पोथीनिष्ठ वेडेपणा ठरेल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नगर परिषदांचा कायदा 1965 चा. त्यात 'इमारत' या शब्दाची व्याख्या इतकी पसरट आहे की घर, छपरी, झोपडी, ओटा, पायरी यांच्या जोडीला आवारभिंत आणि अन्य कुंपणही तिच्यात येते. विटांचे असो, लाकडाचे असो वा मातीचे, साहित्याने फरक पडत नाही. अर्थात नगर परिषदेच्या हद्दीत कुंपण उभारणे म्हणजे कायद्याच्या भाषेत बांधकाम करणे होय. दुसरा कायदा प्रादेशिक व नगररचनेचा, 1966 चा. त्याच्या कलम 44 खाली अर्ज करावयाचा आणि कलम 45 खाली नगर परिषदेने परवानगी द्यावयाची किंवा कारणे देऊन नाकारावयाची. साठ दिवसांत उत्तर आले नाही आणि काम नियमांत बसणारे असले, तर परवानगी मिळाली असे समजले जाते. या साठ दिवसांच्या तरतुदीची माहिती अर्जदाराला खिडकीवर कोणी आपण होऊन देत नाही, हे सांगायला नकोच.

व्याख्या अक्षरशः घेतली तर पऱ्हाट्यांचा कूडदेखील परवानगीस पात्र ठरतो. व्यवहारात तसे कोणी करीत नाही, करूही नये. पण जिथे कायदा सर्वांना पकडू शकतो आणि प्रत्यक्षात काहींनाच पकडतो, तिथे कोणाला पकडायचे हे ठरविण्याची सत्ता कोणाच्या तरी हाती जाते. ती सत्ता वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या आणि कचेरीतल्या कारकुनाच्या हाती असते. नियमाच्या अज्ञानावर जगणारा एक मधला वर्गच त्यातून निर्माण झाला आहे. पाचशे-हजार घेऊन 'साहेबांशी बोलून ठेवतो' म्हणणारा तो गृहस्थ प्रत्येक गावात आहे. राखणदारानेच लुटावे याला मराठीत कुंपणाने शेत खाणे म्हणतात. इथे तर अर्ज कुंपणाचाच असतो!

वस्तुतः नियम अवघड नाहीत. राज्यातील बहुतेक शहरांना आणि नगर परिषदांना डिसेंबर 2020 पासून एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई तिच्यातून वगळली आहे, हिंगणघाट वगळलेले नाही. या नियमावलीप्रमाणे रस्त्याकडील आवारभिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजून दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट उंच असू शकते. वरचा 0.9 मीटरचा, म्हणजे तीन फुटांचा भाग आरपार दिसेल असा जाळीचा वा गजांचा ठेवल्यास 2.4 मीटरपर्यंत जाता येते. कोपऱ्यावरच्या भूखंडाला अधिक बंधन आहे. दोन रस्ते मिळतात तेथून दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत पक्की भिंत 0.75 मीटरहून, म्हणजे अडीच फुटांहून उंच नको. त्यावर उंची हवीच असेल तर ती उघड्या गजांची हवी. फाटक पूर्णपणे स्वतःच्या आवारात उघडले पाहिजे, ते रस्त्यावर उघडता कामा नये. कारखाना, वीज उपकेंद्र, रुग्णालय अशा संस्थांना उंच भिंतीची सवलत आहे.

हे आकडे कार्यकर्त्याने पाठ करावेत. त्यांच्यामागचा हेतू ध्यानात घेतला तर ते पाठ होण्यास कष्ट पडत नाहीत. कोपऱ्यावरची भिंत अडीच फुटांची का? कापसाच्या हंगामात बाजार समितीकडे भरधाव निघालेल्या गाडीच्या चालकाला आडव्या गल्लीतून सायकलवर येणारी शाळकरी मुलगी दिसली पाहिजे म्हणून. फाटक आत का उघडावे? रस्त्याची रुंदी ही पायी चालणाऱ्याची मालमत्ता आहे म्हणून. कुंपणाचे बहुतेक नियम आतल्या माणसासाठी लिहिलेले नसून बाहेरून जाणाऱ्यासाठी लिहिलेले आहेत, आणि बाहेरून जाणारा बहुधा पायी असतो. म्हणूनच हे नियम नोकरशाहीची कटकट म्हणून उडवून लावणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभत नाही. ते खऱ्या अर्थाने गरिबाचे नियम आहेत. मात्र ते वापरले जातात गरिबाविरुद्ध, आणि या प्रश्नाची सारी गुंतागुंत तिथेच आहे.

कोणत्याही वाढत्या गावातून एक फेरी मारावी. नव्या वसाहतीतील बंगल्यांच्या भिंती सात-आठ फूट भरीव उभ्या असतात, वर काचा रोवलेल्या असतात, फाटक बाहेर उघडते, फाटकासमोर मोटारीसाठी केलेला सिमेंटचा उतार गटारावरून थेट रस्त्यावर उतरतो आणि भिंतीबाहेर तीन फुटांची 'बाग' लोखंडी जाळीने घेरलेली असते. तिला कोणी अतिक्रमण म्हणत नाही, सुशोभन म्हणतात. तेच अतिक्रमणविरोधी पथक वस्तीत शिरते तेव्हा टट्टा, ताडपत्री आणि न्हाणीचा आडोसा ट्रॉलीत जातो. दोन्ही ठिकाणी मोडला गेलेला नियम एकच असतो, फरक असतो तो कुंपणामागच्या माणसाच्या वजनात.

यावर कोणी म्हणेल की गरिबाने रस्ता अडविला तरी तो अडविलेलाच, आणि मतांसाठी त्याकडे डोळेझाक करणे हा कसला समाजवाद? आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. रुग्णवाहिका शिरू शकत नाही अशा गल्लीत मरणारा माणूसही गरीबच असतो. वस्तीतील गल्लीची रुंदी राखण्याची जबाबदारी वस्तीने घेतलीच पाहिजे आणि ते सांगण्याचे धैर्य कार्यकर्त्यात हवे. परंतु आधी हे ठरले पाहिजे की गल्ली कोठे संपते आणि अंगण कोठे सुरू होते. म्हणजे प्रश्न मोजणीपाशी येतो.

मोजणीचा विषय निघाला आणि हिंगणघाट आहे, तेव्हा एका कबरीचा उल्लेख करणे भाग आहे. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभकर्ता विल्यम लॅम्बटन याने 1802 साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि वीस वर्षे उपखंडाच्या पाठकण्यावरून तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी तो हिंगणघाटला मरण पावला आणि इथल्याच मातीत पुरला गेला. त्याच्या मागून आलेल्या एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वांत उंच शिखराला मिळाले. ज्याने पृथ्वीच्या वक्रतेचा हिशेब मांडला त्याची कबर ज्या गावात आहे, तशाच गावांत मजुराच्या अंगणाची हद्द मात्र दोनशे वर्षांनंतरही 'त्या कडुनिंबापासून या नालीपर्यंत' अशीच सांगितली जाते. साम्राज्याला मोजणी हवी होती ती सैन्यासाठी आणि साऱ्यासाठी. गरिबाला ती हवी आहे ती दाराशी येणाऱ्या नोटिशीला उत्तर देण्यासाठी, आणि ती मागितल्याशिवाय कोणी करून देणार नाही.

मोजणीची रीत अशी : जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे प्रत्येक भूखंडाची मिळकत पत्रिका आणि नकाशा भूमि अभिलेख कार्यालयात असतो. हद्दीविषयी शंका असेल तर फी भरून मोजणी मागावयाची, लगतच्या धारकांना नोटिसा जातात, मोजणीदार खुणा दाखवितो आणि नकाशाची प्रत मिळते. कुंपणाच्या अर्जाला हा नकाशा जोडला की निम्मे भांडण संपते. निम्मेच, कारण नगर परिषदेच्या परवानगीने मालकी सिद्ध होत नाही. हा मुद्दा अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो. परवानगी म्हणजे बांधकाम नियमात आहे एवढाच दाखला. भिंतीखालची वीतभर जमीन कोणाची, याचा निवाडा दिवाणी न्यायालयात होतो, मुख्याधिकाऱ्याच्या दालनात होत नाही. शिवाय जाण्यायेण्याची वाट, उजेड आणि वारा यांची वहिवाट वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्क म्हणून चालली असेल, तर सुविधाधिकाराच्या 1882 च्या कायद्याने ती हक्क बनू शकते. हा कायदा आरंभी ज्या मोजक्या प्रांतांना लागू झाला त्यांत मध्य प्रांत होता, म्हणजे हिंगणघाटला तो पहिल्या दिवसापासून लागू आहे. कुंपण घालून शेजाऱ्याची जुनी वाट बंद करणाऱ्याला हे ऐकवावे. बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढण्याची गरज उरत नाही.

परंतु ही सारी रीत कागद असणाऱ्यांची आहे. विदर्भातल्या गावांत तिच्या आड एक जुना शब्द येतो, तो म्हणजे नझूल. गावठाणातली सरकारी जमीन, मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली, पट्टा संपलेला, नूतनीकरण राहिलेले, मूळ पट्टेदाराच्या तीन पिढ्या होऊन गेलेल्या. अशा भूखंडावर राहणाऱ्या कुटुंबाला विटांची भिंत घालायची तर अर्जातल्या मालकीच्या रकान्यात काय लिहावे हाच प्रश्न पडतो. 2024 साली राज्य शासनाने नागपूर आणि अमरावती विभागांतील नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना काढली, हे ठीकच झाले. पण अभय योजनेतही पैसे भरावे लागतात आणि ज्याच्यापाशी ते आहेत त्याच्याच जमिनीला अभय मिळते. पट्टाही नसलेल्या वस्त्यांची गोष्ट आणखी वेगळी. 2018 च्या शासननिर्णयाने 1 जानेवारी 2011 पूर्वीची शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट नागरी भागात उघडली. या वाटेने जाताना कुंपणाला एकाएकी मोल येते, कारण मोजणीदार येतो त्या दिवशी ताब्याची हद्द म्हणून तो पाहणार ते कुंपणच. वस्तीतल्या ज्या बाईचा आडोसा गेल्या महिन्यात पथकाने उचलून नेला, तिचे अंगण त्या दिवशी घराच्या उंबऱ्यापाशी संपते.

तिसरा प्रकार शेतीचे तुकडे पाडून विकलेल्या मंजुरीविना वसाहतींचा. तिथे चुन्याच्या रेघा हाच नकाशा असतो. गुंठेवारीचा कायदा 2001 चा, त्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली गेली. आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या अशा भूखंडाभोवती खांब आणि काटेरी तार ओढणाऱ्या शिक्षकाला वा कामगाराला कळत नाही की त्याच्या कुंपणाने कदाचित भावी रस्ताच अडविला आहे. दोष त्याचा नसतो. दोष विकणाऱ्याचा असतो, आणि विकणारा तोवर पुढच्या शेतात चुना टाकीत असतो.

मंजूर वसाहतींतही एक जागा अशी असते की तिचे कुंपण सर्वांत महत्त्वाचे. चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जागेचा अभिन्यास मंजूर करताना दहा टक्के जमीन मोकळी सोडावी लागते. ही जागा मुलांच्या खेळण्याची आणि म्हाताऱ्यांच्या बसण्याची. तिला कुंपण नसते म्हणून ती हळूहळू नाहीशी होते. एका बाजूचा शेजारी आपली भिंत चार फूट पुढे घेतो, दुसरा गोठा बांधतो, तिसऱ्या कोपऱ्यात देवळाचा चौथरा उठतो आणि मग त्याला हात लावण्याची कोणाची छाती होत नाही. इथे कार्यकर्त्याने कुंपण मागितले पाहिजे, सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक फाटकासह. मंजूर अभिन्यासाची प्रत माहितीच्या अधिकाराखाली तीस दिवसांत मागता येते. ती वसाहतीच्या चौकात मोठी करून लावावी. पुढचे काम बरेचसे शेजारीच करतात.

आणि नदी. वणेच्या काठच्या गावाला पुराची आठवण करून देण्याची गरज नाही. 2022 च्या जुलैतला वर्धा जिल्ह्यातील पूर लोक विसरलेले नाहीत. पूररेषेच्या आत भरीव भिंत घातली की पाणी नाहीसे होत नाही, ते भिंत नसलेल्याच्या घरात जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे ती याच कारणाने, आणि ओढ्या-नाल्यांच्या कडेच्या कुंपणालाही हाच न्याय लावायला हवा. तिथे तारेची जाळी चालेल, काँक्रीटची भिंत नाही.

नोटीस येते तेव्हा काय करावे? प्रथम, घाबरून मध्यस्थाकडे जाऊ नये. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात धरला आणि माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याला महत्त्व दिले, तरी झोपड्या हटविण्याचा अधिकार मात्र महापालिकेकडे ठेवला. तो अर्धा विजय होता. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात त्याच न्यायालयाने अधिक नेमके सांगितले : पाडकामापूर्वी कारणे देणारी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, प्रत्यक्ष सुनावणी, लेखी आदेश, आणि आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी वा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामांना या निर्देशांचा आसरा नाही, हेही त्यातच लिहिले आहे. म्हणून पुन्हा प्रश्न तोच : कुंपण अंगणात आहे की रस्त्यात? ज्याच्या हाती मोजणीचा नकाशा आहे तो पंधरा दिवस मागू शकतो. ज्याच्या हाती नाही त्याची ताडपत्री 'रस्त्यावर होती' असे लिहून दुपारच्या आत निकाल लागतो.

हिंगणघाटची वस्ती 2011 च्या जनगणनेत एक लाखाच्या आसपास होती. घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांत, म्हणजे अशा गावातल्या नागरिकाला वॉर्डात बसून प्रश्न विचारण्याचे व्यासपीठच नाही. वर राज्यातील बहुसंख्य नगर परिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या आणि निवडणुका झाल्या त्या 2025 च्या डिसेंबरात. आता निवडून आलेली सभागृहे आहेत. त्यांच्यापुढे मागण्या मोजक्याच आणि पुऱ्या होण्याजोग्या ठेवाव्यात. आवारभिंतीचे नियम मराठीत, आकृतीसह, नगर परिषदेच्या दर्शनी भिंतीवर रंगवावेत. वस्त्यांची सामुदायिक मोजणी नगर परिषदेच्या खर्चाने व्हावी. कच्च्या कुंपणाला परवानगीची सक्ती न करता गल्लीची किमान रुंदी तेवढी आखून द्यावी. आणि अतिक्रमण पथकाने काम सुरू करावे ते रुंद रस्त्यांवरच्या पक्क्या भिंतींपासून. शेवटची मागणी ऐकताच सभागृहात जी शांतता पसरेल, तिच्यावरून कोण कोणाच्या बाजूचे हे टिपून घ्यावे.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला वोट, फावडा आणि जेल ही तीन साधने दिली. फावड्याच्या जोडीला मोजणीची फीत धरण्याची वेळ आली आहे. ती तीस मीटरची मिळते आणि फार महाग नसते. एका रविवारी चार जणांनी एक वॉर्ड घ्यावा, गल्लीची रुंदी आणि कोपऱ्यावरच्या भिंतींची उंची वहीत उतरवावी, दुसऱ्या रविवारी दुसरा. श्रीमंत वस्तीत फीत धरली की विचारणा होईल, तेव्हा नियमावलीतले ते पान खिशात असू द्यावे. ज्यांना नोटिसा आल्या असतील त्यांच्या नोटिशीच्या कोपऱ्यावर ती हाती पडल्याची तारीख लिहून घ्यावी. परवानगी नाकारल्याचा आदेश असेल तर कलम 47 खालच्या अपिलाला चाळीस दिवस मिळतात, आणि ते आदेश कळविल्याच्या तारखेपासून मोजले जातात.